तिच्या घरची अरबी

ताई,
तुला नमस्कार, भाच्याला पापा. माझी तब्येत ठणठणीत, जेवणही वेळेवर. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या अभ्यासगटात प्रत्येकाने एका मुलखाची अरबी बोली निवडायची आणि तासभर तीच बोलायची. मागच्या पत्रात जिच्याबद्दल लिहिलं होतं, त्या वर्गातल्या अरब मुलीच्या, तिच्या घरची मी निवडली, हे तुला वेगळं सांगायला नको. एकजण म्हणाला, "आला सासुरवाडीचा जावई!" मी त्याच्या अंगावर धावून गेलो, आणि त्या मारामारीपायी कॉलेजने माझं नाव काढून टाकलं.

परवा मागणी घालायला गेलो. आधी तिच्या वडिलांशी त्यांच्याच बोलीत गप्पा मारल्या. ते पाठ थोपटून म्हणाले, "पोरा, पुढच्या महिन्यात हिच्या लग्नाला नक्की ये. पाहुण्यांशी बोलायला आपला माणूस हवाच होता."

मी त्याच बोलीत 'येतो' म्हणालो. कॉलेज सुटलं, आता तीही गेली. आईला एवढंच सांग, पोरगा भाषा शिकला.

तुझा,
धाकटा