लघवी हा शब्द

१४ जानेवारी २००९
पुन्हा गळतंय!
ऑगस्टमध्ये गर्भपिशवी काढली तेव्हा मूत्राशयाला भोक पडलं. तेव्हापासून लघवी योनीवाटे झिरपते — बसता, उठता, झोपेत. डॉक्टर तीन महिने म्हणत राहिले, ‘अशक्तपणा आहे, व्यायाम करा.’ डिसेंबरात दुसऱ्याने पोट उघडून भोक शिवलं. ते टाके आज सुटले.
नवरा, गुरुप्रसाद, म्हणाले, ‘रजा वाढव. लोक विचारतील.’
विचारू देत! मी सांगेन. लिहीनसुद्धा, पेपरात, माझ्या नावानं. बरी झाले तरी, नाही झाले तरी.

१५ जानेवारी
ऑफिसला गेले. खुर्चीवर प्लॅस्टिक, त्यावर घडी घातलेलं लुगडं. दोनदा बदललं. पेपरचं पान वेळेत छपाईला सोडलं. अग्रलेखाला वास येत नाही.

२ फेब्रुवारी
दिल्लीत हे ऑपरेशन रोबोटनं करतात. फोन लावला. तिथले डॉक्टर सावकाश बोलले. यंत्र आपल्या मनानं काही करत नाही. डॉक्टर शेजारी बसून हात हलवतो, तसे पोटातल्या चार-पाच बारीक छिद्रांतून त्याचे हात हलतात. जिथे माणसाचं मनगट वळत नाही, तिथे ते वळतं. खात्री? ‘कुणीच देणार नाही.’ बरं वाटलं. पहिल्यांदा कुणी खरं बोललं.
संपादक आण्णांना रजा मागितली. ‘म्हंजे मशीनला चावी मारून सोडायचं व्हय? बाई, जीवाला जपा की!’

१० मार्च
गाडीत. दोन रात्रींचा प्रवास. पिशवीभर फडकी. गुरुप्रसाद वरच्या बर्थवर, भिंतीकडे तोंड करून.
समोरच्या मावशींनी नाक वर केलं. ‘हितं कुणाचं तान्हं पोर हाय का वो?’
‘हो, मीच. शेहेचाळीस वर्षांची.’
मावशी उठल्या. मग आपली खिडकीची जागा दिली मला.

१३ मार्च
संमतीच्या कागदावर नवऱ्याची सही हवी म्हणे. पोट माझं, सही माझी! खूप वेळ हुज्जत. शेवटी गुरुप्रसादच कारकुनाला म्हणाले, ‘ती करेल ती सही चालवा.’ हे मला अपेक्षित नव्हतं.

१४ मार्च
उद्या.

१७ मार्च
शुद्धीवर आहे. पाच छिद्रं, दुखणं सोसवतं. नळी तीन आठवडे. त्यानंतरच कळेल.

५ एप्रिल
नळी काढायच्या आधी मूत्राशयात निळं पाणी भरलं. योनीत कापसाचा बोळा ठेवला. गळत असेल तर निळा होईल. पंधरा मिनिटं छताकडे बघत पडले.
बोळा पांढरा!
पांढरा!!

२१ एप्रिल
कोल्हापूर. लेख आण्णांच्या टेबलावर ठेवला. वाचला. चष्मा काढला.
‘सगळं ब्येस हाय. तेवढा लघवी शब्द काढा. सकाळी लोकं च्या पीत पेपर वाचत्यात.’
‘आणि चहा प्यायल्यावर जातात कुठे?’
‘तुमचं नाव तरी बदलूया. घरच्यांचा इचार करा.’
‘नाव राहील. शब्दही राहील. नाहीतर उद्याचं पान दुसऱ्याकडून लावून घ्या.’
त्यांनी पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाले, ‘रविवारी घेतो. शिव्या तुमी खायच्या!’
खाते की!

२३ एप्रिल
आरोग्य-सल्ल्याचं सदर अकरा वर्षं माझ्याकडे आहे. आणखी कुणाला असं झालंय का, लेखात घालता येईल, म्हणून न छापलेल्या पत्रांचा गठ्ठा सोडला. ९८ सालचं एक पत्र, शिरोळहून. कुण्या धोंडुबाईनं पोराकडून लिहून घेतलेलं. ‘बाळातपनापासून लघवी थांबत न्हाय. घरात घेत न्हाईत. गोठ्यात निजते. विलाज छापावा.’
कोपऱ्यात लाल शाईचा शेरा — ‘विषय छापण्याजोगा नाही.’
अक्षर माझं.
लेख थांबवलाय. आधी शिरोळला जाते.