ताई अंघोळीला गेलीय

प्रिय उजू,

तू गेल्यापासून माझ्यावर चाललेल्या एका घोर अन्यायाची वाच्यता करण्याची वेळ आता आली आहे. रोज सकाळी साडेपाचला तुझ्या मोबाईलवर आपल्या सोसायटीच्या महिला मंडळातल्या एकेचाळीस बायका एकमेकींना सुप्रभात म्हणतात. एकेचाळीस! गुलाब, उगवता सूर्य, वाफाळता चहा, आणि खाली आयुष्याविषयी असं काहीतरी की वाचून आयुष्यच नकोसं व्हावं. सहाला बी विंगमधल्या बाई उठतात आणि प्रत्येक गुलाबाला वेगवेगळे हात जोडतात. तू गेलीस हे या सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी त्यांनी तुला श्रद्धांजलीसुद्धा तुझ्याच फोनवर पाठवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुलाब.

हे सगळं कुलूपबंद पडद्यावरही दिसतं आणि टिंगटिंग वाजतं, पण तो आवाज आतून बंद करायचा, तर फोन उघडायला हवा. उघडण्यासाठी बोटाने जी नक्षी काढायची, ती तू मला अठ्ठावीस वर्षांच्या संसारात सांगितली नाहीस. आणि फोन बंदच करून टाकायचा, तर मंगळवार असतो.

तुरुंगात हेमूच्या नावापुढे एकच नंबर नोंदवलेला आहे. तुझा. दर मंगळवारी अकराच्या सुमाराला त्याला ठरलेली मिनिटं मिळतात आणि घरात आता बोलणारी उरलेली ही एकमेव वस्तू वाजते. म्हणून मी ती रोज चार्ज करतो आणि गुलाब सोसतो.

आज तू गेल्याचा सदतिसावा दिवस. हे पत्र गाडीत बसून लिहितोय. गाडी तुरुंगाच्या फाटकासमोर, नेहमीच्याच झाडाखाली आहे. आज मी दुसऱ्यांदा आत जाणार आहे. पहिल्या खेपेचं तुला सांगायचं राहिलंय, आणि त्याआधी जे केलं तेही.

हेमूवर माझा राग होता, हे तुला सांगायला नको. तुझा एकुलता धाकटा भाऊ, तू अंगाखांद्यावर वाढवलेला, आणि विमानतळ येणार म्हणताच जमिनींचा दलाल झालेला! नेऱ्याकडच्या एका म्हातारीचे दोन एकर त्याने खोट्या कुलमुखत्यारपत्रावर विकले. सात वर्षांची सजा लागली. त्यातली तीन झाली. "त्याने केलं ते वाईटच केलं," तू म्हणायचीस. "मी त्याची वकील नाही, बहीण आहे." आणि दर दुसऱ्या शुक्रवारी पिशवीत बनियन, साबण, मोजे भरून निघायचीस.

मी तुला फाटकापर्यंत सोडायचो. आत कधी आलो नाही. तीन वर्षं मी या गाडीत एसी लावून बसलो आणि समाजाच्या ढोंगावर लेख लिहिले. तू बाहेर यायचीस, पदराने चेहरा पुसायचीस आणि विचारायचीस, "अहो लेखक, झाला का लेख?" मी कधी विचारलं का गं, हेमू कसा आहे ते? आठवत नाही. म्हणजे नसणारच.

आणि तो लेख! 'आमच्या गावचे होतकरू मेव्हणे'. नाव घातलं नव्हतं, पण पनवेलमध्ये नाव घालावं लागतं का? लोकांनी भाजीबाजारात थांबवून दाद दिली. तू तो डायनिंग टेबलावर वाचलास, नीट घडी घातलीस आणि म्हणालीस, "शेवट घाईत उरकलायस." आणि कुकर लावायला उठलीस. मी खरोखर शेवट पुन्हा वाचून पाहिला, उजू. मला वाटलं, तू लेखाबद्दलच बोलते आहेस!

तू गुरुवारी गेलीस. मंगळवारी फोन वाजला. घरात माणसं होती, चटया होत्या, कुणीतरी आणलेला पिठल्याचा डबा होता. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो.

"ताई?"

"मी बोलतोय. ताई अंघोळीला गेलीय."

का म्हणालो? खरंच सांगतो, ठरवून नाही. शब्द म्हणजे माझा धंदा, आणि तोंडाला आला तो पहिला शब्द खोटा होता.

"बरं," हेमू म्हणाला. "तिला सांगा, मोजे मिळाले." तीन वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो ते एवढंच. मिनिटं संपून फोन आपोआप तुटला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवले. कावळे भरपूर होते. पलीकडच्या वडापावच्या गाडीवर ते हल्ला करत होते, पण तुझ्या पिंडाकडे एकही फिरकेना. मुग्धा आदल्या दिवशी पुण्याहून निघून पळस्प्याच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकून आली होती, डोळे सुजलेले. ती हात जोडून म्हणाली, "आई, बाबांकडे मी लक्ष देईन." कावळा हलला नाही. माझ्या वहिनींनी तुझ्या तुळशीची हमी दिली. तरी नाही. गुरुजी म्हणाले, "आणखी काही इच्छा राहिली असेल तर बोला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय राहिलंय ते मला पक्कं माहीत होतं. एक नाव घ्यायचं होतं, बस्स. पण तिथे तीसेक माणसं होती, त्यातल्या निम्म्यांनी माझा लेख वाचला होता, आणि त्या निम्म्यांसमोर माझ्याच्याने ते नाव निघेना. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "तुझी काशी राहिली. मी जाऊन येईन."

काशी! तुला पेणपर्यंत गाडी लागायची. कावळ्यालाही ते ठाऊक असावं. त्याने सरळ पाठ फिरवली. पाऊण तासाने गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे जेवायला उठले. त्या दिवशी मी जिलबी घेतली नाही. हे सोडून दुसरी काही शिक्षा मी स्वतःला केली नाही.

दुसऱ्या मंगळवारी तू मुग्धाकडे गेली होतीस. तिसऱ्या मंगळवारी तुझा घसा बसला होता.

"घसा बसला तर बसू दे," हेमू म्हणाला. "ऐकू तर येतंय ना? स्पीकरवर टाका, तिच्याजवळ धरा. मी बोलतो."

घरात कुणी नव्हतं, उजू. सगळे आपापल्या गावी गेले होते. मी स्पीकर लावला आणि स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभा राहिलो. कुणाजवळ धरायचा? फ्रीजच्या दिशेने धरला.

"ताई, तू बोलू नकोस, नुसतं ऐक. शिवणकामातून काढून मला लायब्ररीत टाकलंय. पुस्तकांना नंबर घालतो. धूळ फार आहे, पण पंखा आहे. दाढ काढली. तू मीठ-हळद लाव म्हणालीस, ती इथे कुठली आणू, तूच सांग! आणि हे बघ, भावोजींना आत चला म्हणून मागे लागू नकोस. मागच्या खेपेला त्यावरून केवढी रडलीस! त्यांना नाही जमायचं. काही माणसांना नाही जमत. तू येतेस ना, तेवढं पुरे आहे मला."

मिनिटं संपली. मी फ्रीजसमोर उभा.

तू माझ्या मागे कधी लागली होतीस गं? एकदा तरी म्हणायचंस! माझ्यासमोर डोळ्यांतून टिपूस नाही, आणि तिकडे काचेपाशी रडायचीस. घरात बसून माझ्या लेखाच्या शेवटावर अभिप्राय द्यायचीस, आणि मला वाटायचं, बाई कणखर आहे. हे वागणं बरं नव्हतं, उजू. मी मूर्ख आहे हे तुला चांगलं ठाऊक होतं. मूर्खाला स्पष्ट सांगावं लागतं.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मी गाडीतून उतरलो.

तुरुंगात भेटीला 'मुलाखत' म्हणतात. त्याचा फॉर्म असतो, आणि फॉर्मवर नात्याचा रकाना असतो. मी 'मेव्हणा' लिहिलं. खिडकीतला शिपाई म्हणाला, "याआधी कधी आलेले दिसत नाही."

"नाही."

"कुठे बाहेरगावी असता?"

"नाही. पनवेललाच."

त्याने फॉर्म ओढून घेतला. शिक्का जरा जोरातच मारला.

हेमूचे केस पांढरे झालेत. हेही तू सांगितलं नव्हतंस. काचेपलीकडे बसताना त्याने आधी माझ्या मागे बघितलं. मग फोन उचलला. "ताई नाही आली? घसा अजून?"

"ताई गेली, हेमू."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "कधी?"

"तीन आठवडे झाले. गुरुवारी. सकाळी छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलपर्यंतही..."

तो बोटांवर मोजायला लागला. मी त्या बोटांकडे बघत बसलो. "म्हणजे अंघोळीला..."

"तेव्हा ती नव्हती."

"आणि परवा मी बोललो ते?"

"मी ऐकलं."

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "कळवलं असतंत तर रजेचा अर्ज टाकला असता. बहिणीसाठी देतात. दहाव्याला तरी आलो असतो." तो चिडला नव्हता. चिडला असता तर मला उत्तर देता आलं असतं. त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

"कावळा शिवला?" त्याने विचारलं.

"नाही. दर्भाचा करावा लागला."

"का? तिचं काय राहिलं होतं?"

आता मागे तीस माणसं नव्हती. "तुझ्याकडे कोण येणार, हे राहिलं होतं," मी म्हणालो. "मला माहीत होतं. लोकांसमोर बोललो नाही."

हेमूने काचेवरचा एक डाग बोटाने पुसून पाहिला. तो माझ्या बाजूने होता. "तुमचा लेख इथे आला होता, भावोजी. मेव्हण्यांचा. बराकीत एकाने मोठ्याने वाचून दाखवला. सगळे लोळून हसले. मीही हसलो."

"तू?"

"नसतो हसलो तर कळलं असतं ना, कुणावर लिहिलाय ते."

मी माफ कर म्हणालो. तीस वर्षं लिहितोय, दोन शब्दांना इतका वेळ कधी लागला नव्हता. त्याने ऐकलं की नाही, कळलं नाही, कारण वेळ संपल्याची हाक आली होती. उठता उठता तो घाईने म्हणाला, "पुढचा सोडून त्याच्या पुढचा शुक्रवार. ताईला सांगा, येताना..." आणि थांबला. तसाच उभा राहिला, फोन कानाला लावून. मीही. मग त्याला नेलं.

बाहेर या झाडाखाली एक बाई बसल्या होत्या. हिरवं लुगडं, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. मला बघून त्या उठल्या.

"तू ताईचा मानूस ना? गाडीतला?"

तीन वर्षांत इथे माझी ही ओळख झाली होती तर! मी हो म्हणालो.

"ताई कुटं हाय? दोन येला आली नाय."

सांगितलं. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आमी दोगी इतं जेवायचो. मी आमच्या करंजा गावाशी सुकट आनायची, ती चपाती. तुला ठावं नाय?"

मला ठाऊक नव्हतं. पंधरा पावलांवर बसलो होतो, पण काचा वर होत्या. उजू, तू सुकट खायचीस? आपल्या घरात वास नको म्हणून खिडक्या लावणारी तू?

या चांगुणाबाई. त्यांचा मुलगा आत आहे. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. तुझं अक्षर. मुलाच्या उजव्या डोळ्याला दिसेनासं झालंय, मोठ्या डॉक्टरांना दाखवावा, म्हणून तू अर्ज लिहायला घेतला होतास. 'सदर कैदी माझा मुलगा असून त्याच्या उजव्या डोळ्यास' इथे हाक आली असेल आणि तू उठली असशील.

"ती बोलली, फुडच्या येला पुरा करते," चांगुणाबाई म्हणाल्या. "तू नको करू. तू रायटर. ती सांगायची, तू समद्यांची टिंगल करतस."

त्यानंतरचे दोन मंगळवार हेमूचा फोन आला. आम्ही उकाड्याबद्दल बोललो. मग त्याने विचारलं, जेवायचं काय करता, आणि मी म्हणालो, डबा लावलाय. भाजीत गूळ घालतात. "ताई नव्हती घालत," तो म्हणाला. "नव्हती," मी म्हणालो. आता मला वाटतं, तुझ्या स्वयंपाकाची आठवण असलेली जगात आम्ही तीनच माणसं उरलोय. त्यातली एक पुण्यात असते आणि एक आत.

तर उजू, तळ्याकाठी जे बोललो नाही ते इथे लिहितो. उरलेली चार वर्षं, दर दुसऱ्या शुक्रवारी, मी आत जाईन. त्याला माफ केलंय असं समजू नकोस. माफ करायचं की नाही ते नेऱ्याच्या म्हातारीने ठरवायचं, मी कोण? मी फक्त जाईन. त्याच्यावर हशा पिकवणारी एक ओळही पुन्हा लिहिणार नाही. हे पत्रसुद्धा आधी त्याला सांगेन, आणि तो नको म्हणाला तर कुणालाही दाखवणार नाही. हे वचन आहे. काशीचं सोडून दे.

चांगुणाबाई रिक्षातून उतरताना दिसताहेत. अर्ज काल बसून पुरा केला. तुझ्या अक्षराखाली माझं अक्षर जरा गिचमिड दिसतं, पण नवा कागद घेतला नाही, तू थांबलीस तिथूनच पुढे लिहिलं. सहा ओळी झाल्या. सगळ्या साध्या. आता त्यांना वाचून दाखवतो, खाली त्यांची सही घेतो आणि खिडकीत देऊन पोच घेतो.

तुझा,
सतीश