अगस्तीची गाय

मोखोटलाँग, ३० एप्रिल १९६१

चि. रापेलांग यास मोलिएहीताईचे अनेक आशीर्वाद. घरावर पाऊस आहे, शांती आहे. वि. वि.

तू पाठवलेली साबणाची वडी पोचली. बाबांनी ती हुंगली आणि विचारलं की पोरगा सोनं खणायला गेलाय की फुलं तोडायला!

आता खरी बातमी. तुझ्या लिनेओचे वडील येऊन गेले. आपण द्यायच्या देजातली शेवटची गाय या थंडीत पोचली नाही, तर मुलगी खालच्या खोऱ्यातल्या त्या बिजवराला देईन म्हणाले. लिनेओ झऱ्यावर भेटली की नुसती रडते. बाबा मात्र निर्धास्त. म्हणतात, पहाटेच्या आकाशात अगस्ती उगवल्याची पहिली हाक दरवर्षी माझीच असते, त्या हाकेला मिळणारी सरदाराची गाय यंदाही मीच आणीन, पोराला पुन्हा खाणीचा करार करायला लागणार नाही.

रापेलांग, त्यांचे डोळे गेलेत रे. काल चहा कपाच्या शेजारी ओतला आणि कप हलवला म्हणून माझ्यावरच खेकसले. कुणाला कळू देत नाहीत. मी काय करू?

तुझी ताई,
मोलिएही

वेल्कमची खाण, ११ मे १९६१

ती. मोलिएहीताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र खोलीतल्या सगळ्यांदेखत वाचलं आणि फसलो. आता मला सगळे फुलवाला म्हणतात.

ताई, तारा बघायला पुरुष बसतात त्या डोंगरावर बायकांना बंदी आहे, नाहीतर तूच बाबांचे डोळे झाली असतीस. तू शेजारच्या खोआबानेकाकांना गाठ. त्यांना सगळं खरं सांग. तारा दिसला तरी बाकीच्यांनी तोंड मिटून बसावं, पहिली हाक बाबांना देऊ द्यावी. अगदीच अंधुक का होईना, एवढा ठसठशीत तारा त्यांना दिसेलच. एक वर्ष गावाने एवढं करावं. मी जन्मभर त्यांची गुरं राखीन.

या बिळात आणखी एक करार म्हणजे लिनेओ गेली. तिला म्हणावं, थोडी कळ काढ.

तुझा,
रापेलांग

मोखोटलाँग, २९ मे १९६१

चि. रापेलांग यास अनेक आशीर्वाद. काय लिहू, हात चालत नाही.

काकांनी सगळ्यांना गळ घातली. एकानेही नाही म्हटलं नाही. बाबा नवं ब्लँकेट पांघरून, काठी आपटत डोंगरावर गेले. पहाटे अगस्ती वर आला. काका सांगतात, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं, प्रत्येकाला तारा दिसला आणि प्रत्येक जण गप्प बसला. बाबाही गप्प. शेवटी काका मुद्दाम खोकले. बाबांनी त्यांना काढा घे म्हणून सांगितलं. मग कुणीतरी हळूच त्यांचे खांदे दक्षिणेकडे वळवले, तर ते चिडले, मला नीट बघू द्या म्हणाले. सांगायची तर सोय नाही, कारण जो बोलेल त्याची गाय, आणि दाखवून घेतलेला तारा सरदार मानत नाहीत. तारा चढत गेला, फिकट झाला, उजाडलं.

बाबा उठले आणि म्हणाले, आज फार ढग होते. आणि सगळी माणसं म्हणाली, हो, फार ढग होते.

दुसऱ्या पहाटे पलीकडच्या गावच्या माणसाने हाक दिली. गाय तिकडे गेली. लिनेओच्या वडिलांनी त्या बिजवराची गुरं घेतली.

बाबा जेवायला तयार नाहीत. काल त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, खरंच ढग होते का? मी हो म्हटलं. मग त्यांनी माझा चेहरा हाताने चाचपला. गाल ओले होते.

तुझी अभागी ताई,
मोलिएही

वेल्कम, ९ जून १९६१

ती. बाबांस रापेलांगचा सा. न. वि. वि.

ताईचं पत्र मिळालं. अगस्ती यायच्या दिवसांत इकडेही ढगच ढग होते. कामावर जाताना मान दुखेपर्यंत वर बघितलं, काही दिसलं नाही. जिथे तुम्हाला दिसला नाही तिथे बाकीच्यांची काय कथा! जेवत जा. माझं उत्तम चाललंय.

ताई, यापुढचं बाबांना वाचून दाखवू नकोस.

ढग नव्हते. कामावर निघालो तेव्हा खाणीच्या मनोऱ्याशेजारी तो झगझगत होता. मी वेड्यासारखी हाक दिली. सगळे हसले. मला वाटलं, या क्षणी तिकडे बाबांनीही हाक दिली असेल, गाय आपल्या गोठ्यात आली. दिवसभर जमिनीखाली गात होतो. वर आल्यावर कचेरीत जाऊन ऐटीत सांगितलं, नवा करार नको, माझं लग्न आहे.

काल तिथेच पुन्हा सही करून आलो. तिचं लग्न बघायला घरी येण्यापेक्षा हे बीळ बरं.

तिला सांग, वाट बघू नकोस. रडली तर जवळ घे. माझ्या वाटचंही घे.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
रापेलांग