शुभाचा पेशंट

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज बायकोच्या आग्रहाखातर वेडा झालो.

शु.ची परीक्षा २७ तारखेला. मानसोपचाराची नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पेशंट तपासून औषधंही लिहून देणारी नर्स. पास झाली तर स्वतःची खोली, स्वतःचे पेशंट. नाही तर आहेच वॉर्डातली गोळ्यांची ट्रॉली. गेल्या खेपेस लेखी निघाली, प्रॅक्टिकलला अडकली. तिथे एक माणूस पेशंट होऊन समोर बसतो, कोपऱ्यात परीक्षक. म्हणून घरी सरावाला माणूस हवा. तिच्या मैत्रिणीचा, लिजीचा, नवरा सरळ नाही म्हणाला. तो शहाणा. उरलो मी.

केस विस्कटले, डोळे फिरवले, पंख्याकडे बघून खदाखदा हसलो. शु. कपाळाला हात लावून, "अहो, वेड्यासारखं काय करताय? पेशंट व्हा ना!"

दारातून ईरा: "बाबा, दॅट्स सो ऑफेन्सिव्ह." कन्या इयत्ता सहावी. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतच.

रविवार, ५ ऑक्टोबर

अदलिया भागात एका कॅफेचा एसी दुरुस्त केला. दुपारीच मोकळा झालो. इथे आखातात उन्हाळा ओसरला की आमची एसीची कंपनी जांभया देते.

शु.नं गेल्या खेपेचा शेरा दाखवला. खोटा दिलासा. समोरचा रडायला लागला आणि ही म्हणाली, काळजी करू नका, होईल सगळं नीट. गुण कापले! माझा संतापच झाला. रडणाऱ्याला मग काय म्हणायचं, अजून रड?

"म्हणायचं नसतं हो. ऐकायचं असतं," शु.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

तिनं सरावासाठी एकेका पेशंटची कार्डं केलीत. आज मी मिस्टर डिसोझा. वय बावन्न, नोकरी गेली, झोप नाही, भूक नाही. शहाण्यासारखा मान खाली घालून म्हणालो, "सिस्टर, कशातच मन लागत नाही."

झालं. हात माझ्या हातावर. "अहो, होईल हो सगळं नीट. इंशाल्ला." आणि उठली चहा टाकायला!

"परीक्षेत कपबशा नेणार आहेस का?" म्हटलं. आधी खूप हसली, मग डोळे भरले. म्हणाली, वॉर्डातल्या म्हाताऱ्या हात धरून विचारतात, सिस्टर, मी घरी जाईन ना? इतकी वर्षं इंशाल्लाच म्हणत आलेय. तोंडात बसलंय.

तिचा एकटीचा दोष नाही. आमच्या गुहागरकडे तरी काय, कोणी रडलं की पुढ्यात आधी पाणी न् गुळाचा खडा. त्याचं काय बिनसलंय ते नंतर. कधी कधी ते राहूनच जातं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

नवा नियम. शु.नं हात मांडीखाली दाबून बसायचं. दिलासा दिला की मी ओरडणार, "खलास!" ईरा परीक्षक. चष्मा नाकावर ओढून, पेन कानाला. तिला आईच्या चुका काढायला मिळतायत, स्वारी खूश. "आई, यू डिड इट अगेन!"

शु. बिचारी ड्यूटीवरून येते, पोळ्या करते, आणि आमची बोलणी खाते. तिच्यावर फार जीव आला आज. सांगितलं नाही. भांडी घासली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

ईरा मैत्रिणीकडे. आम्ही दोघंच. पुन्हा डिसोझा. कार्डावरचं सगळं बोलून संपलं, वेळ उरला. मग असंच बोलत गेलो. संध्याकाळी कामावरून येतो. बिल्डिंगखाली गाडी लावतो. आणि बसून राहतो. रेडिओ नाही, फोन नाही. वर आपल्या खिडकीत दिवा दिसतो. वर सगळी आपलीच माणसं, भांडण नाही, तंटा नाही. पण गाडीचं दार उघडायला हात उठत नाही.

शु. हलली नाही. होईल नीट म्हणाली नाही. का, असंही विचारलं नाही. खाली आमच्या सनाबिसच्या रस्त्यावरची सगळी वाहतूक ऐकू यायला लागली.

मग म्हणाली, "कधीपासून, मिस्टर डिसोझा?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि वर गेल्यावर?"

"वर गेल्यावर बरा असतो. निदान दिसतो."

खलास म्हणायला जागाच मिळाली नाही. एक चूक नाही. उठली, स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. चकल्या मोडल्या, चव छान. ईरानं शास्त्रापुरत्या दोन खाल्ल्या.

पणत्या लावताना शु. हळूच, "तुम्ही खाली गाडीत..."

"अगं, तो डिसोझा."

"डिसोझाकडे गाडी नाहीय. बसनं येतो. मीच लिहिलंय कार्डावर."

तेल कमी होतं ते ओतत बसलो.

शनिवार, २५ ऑक्टोबर

भांडण. शु. म्हणाली, "मी पास झाले तरी तुम्हाला नाही तपासू शकत. घरच्या माणसाला तपासायचं नसतं." अदलियात एक डॉक्टर आहेत, हिंदी बोलतात, गुरुवारची अपॉइंटमेंट घेतलीय. मला न विचारता! म्हटलं, मी काय पेशंट आहे? तू तुझी परीक्षा बघ. आवाज चढला माझा.

ती तशीच बसून राहिली, हात मांडीखाली. मग मला माझीच लाज वाटली.

खरं भय वेगळं आहे. दोन दिवसांवर परीक्षा, आणि हिचं सगळं ध्यान माझ्याकडे. माझ्यापायी पुन्हा अडकली तर?

सोमवार, २७ ऑक्टोबर

सोडलं, थांबलो. बाहेर आली ती चेहऱ्यावरून काही कळेना. गाडीत बसल्यावर बोलली. पेशंट म्हणून एक तरुण मुलगी होती, आत गेल्या गेल्या रडायलाच लागली.

"मग?"

"मी गप्प बसले."

"मग?"

"तिनं सगळं सांगितलं हो. अगदी सगळं. पण तेवढ्यात वेळ संपला. औषधांचं मी बोललेच नाही. त्याचेही गुण असतात."

आणि रडू कोसळलं. मी म्हटलं, "होशील गं पास. इंशाल्ला." मला काय, मला कुठे परीक्षा द्यायचीय. हसली, माझ्याच रुमालाला नाक पुसलं.

निकाल नोव्हेंबरात.

बुधवार, २९ ऑक्टोबर

उद्या गुरुवार. जेवताना विचारलं, "मी काय सांगू तिथे?"

"मला सांगितलंत तेच."

"ते मी डिसोझाचं म्हणून सांगितलं होतं."

"मग त्यालाही न्या बरोबर," शु. ताटात भात वाढत.

उद्या तिनं लीव्ह टाकलीय, बाहेर बसणार आहे. आत एकट्यानंच जायचंय. नाव विचारलं तर माझंच सांगायचं, एवढं ठरवलंय.