उघडं पडलेलं कणीस

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या त्या खाकी एप्रनवरून माझा जळफळाट होतो. तो तुम्ही तिला दिलात. मी तिच्या सहा हंगाम आधीपासून तुमच्या हाताखाली होतो, मक्याच्या पात्यांनी हात कापून घेत होतो. ती लासूरहून सकाळच्या गाडीनं यायची, डबा ठेवायची आणि थेट कणसांना पिशव्या चढवायला लागायची, दुसऱ्या वाणाचा पराग बसू नये म्हणून. तुम्ही मला म्हणायचात, "पोरगी लई चिकाटीची हाय." मलाच का सांगायचात?

केशरी दाण्याचं वाण तिचं. खाणाऱ्याला सत्त्व जास्त आणि शेतकऱ्याला उतारा जास्त, दोन्ही एकाच कणसात आणायचं वेड तिला होतं. त्या दुपारी वाऱ्यानं तिच्या एका कणसावरची पिशवी उडाली होती, आणि शेजारीच पांढरा मका फुलोऱ्यात. तुमचा नियम ठरलेला: उघडं पडलेलं कणीस मोडून टाकायचं. मी इकडंतिकडं बघतो, पिशवी उचलतो, झटकतो, परत चढवतो आणि पिन मारतो. वर तिचं अक्षर, तिनंच घातलेली तारीख.

काढणीला त्या कणसात फिकट दाणे निघाले. तुम्ही तिला बांधावर उभं केलंत. "एक पिशवी खोटी निघाली, तर बाकीच्यांवर भरवसा कसा ठिवू? समदी ओळ बाद." ती रडली नाही. "चुकलं सर," एवढंच म्हणाली. मला आतून बरं वाटलं. पण पुढचा अख्खा हंगाम तुम्ही तिच्याबरोबर झाडाझाडाशी वाकत राहिलात, आणि शेवटी तो एप्रन.

परवा खुलताबादजवळ तिच्या संकरित वाणाची शिवारफेरी झाली. तोच एप्रन घालून ती शेतकऱ्यांना म्हणाली, "सरांनी एकदा बांधावर झापलं, तिथं मी घडले." मग माझ्याकडं वळली. "तुम्ही होता ना तिथं?"

"व्हय, होतो," मी म्हणालो. टाळ्याही मीच आधी वाजवल्या.

आता तिच्या मक्याची भाकरी आमच्याही घरात होते. चांगली होते, तेच सलतं. हे पत्र पाठवायचं तर तिलाच पाठवावं लागेल, आणि ते माझ्याच्यानं होणार नाही. एप्रनचं एक वेळ सोडून देईन, सर. पण ते बांधावरचं बोलणं माझ्या वाट्याचं होतं. तेसुद्धा तिलाच मिळालं.