हत्तींची शर्यत कुणी आणली

गॉटिंगेन, १२ मार्च १९८८

प्रिय फोल्कमार,

पत्र पोचलं. गेर्डाचा गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे.

गावाच्या स्मरणिकेसाठी लिहिलेला तुझा लेखही वाचला. चढावर एक ट्रक दुसऱ्याला मागे टाकू बघतो, दोघंही गोगलगायी, मागे सारी वाहतूक खोळंबते. त्याला आपण ‘एलेफांटेनरेनेन’, हत्तींची शर्यत म्हणतो. हा शब्द कासेलच्या चढावर प्रथम आपल्या वडिलांनी उच्चारला, असं तू ठोकून दिलं आहेस. वर साक्षीदार म्हणून माझी सही हवी.

सही मिळणार नाही. हा शब्द प्रथम कुणाला सुचला, ते कुणालाच ठाऊक नाही. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. युद्धकैदेतून परतले ते थेट अंथरुणावर. ट्रक त्यांनी जन्मात चालवला नाही, आणि हे तुला पक्कं माहीत आहे.

मग त्यांचं नाव का घातलंस?

नाताळात केक कापता कापता तू सहज विचारल्यासारखं केलंस, “काय गं, अल्विनकाका आपल्याकडे कधीपासून राहायचा?” मी कॉफी ओतत राहिले. आता हा लेख. मुद्दाम चूक लिहायची, म्हणजे खाष्ट बहीण ती दुरुस्त करायला बसेल आणि ओघात बाकीचंही सांगून टाकेल. तुला मी ओळखून आहे.

घरात तो शब्द अल्विनकाकाने आणला. ट्रक त्याचा होता. ताटातले दोन बटाटे शेजारी शेजारी सरकवत तो तुला विचारायचा, “बोल गड्या, कुठला हत्ती जिंकणार?” आई म्हणायची, अन्नाशी खेळू नका. तिने त्याच्याशी लग्न केलं नाही, कारण सैनिकाच्या विधवेचं निवृत्तिवेतन बंद झालं असतं. आपल्या गल्लीत अशी आणखी घरं होती. मुलं ‘काका’ म्हणायची, पुढचं कुणी विचारायचं नाही.

तो कधीपासून राहायचा? वडील कैदेतून आले, तेव्हा दार त्यानेच उघडलं. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि आत आले. त्याला जा म्हणाले नाहीत. त्याच हिवाळ्यात ते गेले. तू पुढच्या उन्हाळ्यात झालास. यापलीकडे मला माहीत नाही, आणि आईला मी कधी विचारलं नाही.

लेखातून वडिलांचं नाव काढ. तिथे कुणाचं घालायचं ते अल्विनकाकालाच विचार. वृद्धाश्रमात रविवारी दुपारी भेटू देतात. त्याला आता फार कमी ऐकू येतं, तेव्हा जे विचारायचं ते मोठ्याने विचारावं लागेल.

सख्खी असो की सावत्र, तुझी मोठी बहीण,
इर्मट्राउट