वाफ्यातली पाच झाडं

तीर्थरूप अण्णा, तुमच्या पायांवर डोकं ठेवून समृद्धी लिहिते. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते.

इथं गुजरातेत, आमच्या संशोधन केंद्रावर भुईमूग काढणीला आलाय. मी झाडाच्या फांद्या मोजते, मग भरलेल्या शेंगा, मग शंभर दाण्यांचं वजन करते. झाड नुसतं उंच असून उपयोग नाही, शेंगा भरलेल्या पाहिजेत, असं साहेब सांगतात. आईपण हेच सांगायची.

काल माझी चूक झाली. वाफ्यातली पाच झाडं मोजणीसाठी समोर येतील तशी घ्यायची असतात, निवडून नाही. मी सगळा वाफा उपटून लगडलेली पाच निवडली आणि आई बियाण्याला बांधायची तशी चिंधीनं बांधून ठेवली. साहेब म्हणाले, "अगं, हे बियाणं नाही, नमुना आहे." वाफ्याची नोंद बाद झाली. मला रडू आलं नाही. आईच्या दहाव्यालाही आलं नव्हतं.

ओतूरला कान दाखवून आलात का? म्हशीची धार आता तुम्हीच काढता का?

आईनं बियाला बांधलेली जुडी आढ्याला असेल. शेंगा तोडून पेरा, अण्णा. चिंधीची गाठ मात्र सोडू नका. ती तिच्या हातची आहे.

तुमची लेक,
समृद्धी